अश्विनीचा डावा हात

दिवाळी अंकासाठी ‘रुग्णसेवेतले समाधानाचे क्षण’ असं काहीतरी लिहून द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. समाधानाचे क्षण माझ्याकडे पोत्यानं आहेत. ते मी लग्नाकार्यात बायकांना सांगते, त्यासाठी अंक कशाला पाहिजे? लिहायचंच तर आजवर जे चारचौघांत सांगितलं नाही ते लिहीन, असं मी त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘चालेल मॅडम, फक्त फार लांबवू नका.’

तर मी नर्सिंग शिकवलं. आधी दहा वर्षं वॉर्डात सिस्टर होते, मग निवृत्त होईपर्यंत कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात शिक्षिका. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पोरींनी तांबड्या रश्श्यावरून माझं नाव ‘तांबडा’ ठेवलं होतं. रागावले की माझं तोंड लाल होतं आणि पुढच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, म्हणून. हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते नाव आवडायचं.

माझी ख्याती होती शीर शोधण्याबद्दल. सलाईन लावायचं तर हाताची शीर सापडावी लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं ती निळी दिसते, तिथं सुई घालायची, झालं. दिसणारी शीर पुष्कळदा दगा देते. सुई लागली की बाजूला सरकते, नाहीतर फुटते आणि हात सुजतो. खरी शीर बोटाला लागते. दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते. म्हणून मी पोरींना डोळे मिटायला लावायची. ‘डोळे मिटा, बोट ठेवा, आता सांगा कुठं आहे,’ असं. मी स्वतः डोळे गच्च मिटून, गप्पा मारत मारत शीर दाखवायची आणि सगळा वर्ग बघत राहायचा. नवीन डॉक्टरसुद्धा म्हातारा पेशंट असला की मला बोलवायला माणूस पाठवायचे.

एकदा तालमीतला एक पैलवान ॲडमिट झाला होता. कॉटवर मावेना. दंडावरच्या शिरा बोटभर जाड, आंधळ्यालाही सापडल्या असत्या. मी सुई काढली, तसा पैलवान म्हणाला, ‘सिस्टर, जरा दमानं हं,’ आणि डोळे पांढरे करून आडवा झाला. चौघींनी मिळून सावरला. शुद्धीवर आल्यावर आधी त्यानं दाराकडं बघितलं. म्हणाला, ‘वस्तादांना सांगू नगासा.’ अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता इतकी वर्षं झाली, त्याची नातवंडं तालमीत जात असतील.

शिकणाऱ्या पोरी आधी प्लास्टिकच्या हातावर सुई घालायला शिकतात आणि मग, आमच्या वेळेपर्यंत तरी, एकमेकींच्या हातावर शिकायच्या. हल्ली बऱ्याच ठिकाणी ते बंद केलंय. बरं केलं. आमच्याकडं ते जोरात चालायचं. जी आपला हात पुढं करील तिचं मी कौतुक करायची. बहुतेक पोरी मागं सरकायच्या. एकीला तर दर प्रॅक्टिकलला नेमका ताप यायचा. अश्विनी तेवढी पुढं यायची.

तिचं खरं नाव अश्विनी नाही, पण इथं तेच राहू दे. हातकणंगले तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचे साचे करणारे. आई घर आणि दोन म्हशी सांभाळायची. घरात शिकलेली ही पहिली. आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात, तशीच ही. मी वर्गात विचारायची, ‘आज कोण हात देतंय?’ की पहिल्या बाकावरून आवाज यायचा, ‘देतो की, मॅडम.’ आणि डावी बाही कोपरापर्यंत वर सारून ती उभी राहायची.

माझ्याकडं हॉस्टेलचंही काम होतं. दर रविवारी सकाळी मी खोल्या तपासायची. काय शोधायची? तर मिश्री. आमच्या भागात बायका तंबाखू भाजून, कुटून दाताला लावतात. पोरी घरून ती सवय घेऊनच यायच्या. पावडरच्या डब्यात, वहीच्या पुठ्ठ्यात, एकदा तर चपलेच्या आत पुडी सापडली. ‘हे काय गं?’ म्हटलं की उत्तर, ‘दात घासलो की मॅडम.’ ‘दिवसातनं पाच वेळा?’ माझं नाक इतकं तिखट की जिन्यातच कळायचं कुठल्या खोलीत आहे. मिटिंगमध्ये मी छाती काढून सांगायची की आमच्या हॉस्टेलात व्यसन म्हणून काही औषधालाही सापडायचं नाही.

रात्रपाळी करून आलेल्या पोरी दिवसा झोप लागावी म्हणून गोळ्या घेतात, हे माझ्या कानावर होतं. तेवढं चालायचंच, असं मी म्हणायची. आम्हीही घेतल्या होत्या कधीतरी. मिश्रीची पुडी सापडली की अख्ख्या मजल्याला उभं करणारी मी, पण गोळीकडं मी काणाडोळा केला. गोळी आमच्याच घरातली, म्हणून तिची भीती वाटत नव्हती.

अश्विनीचं दुसरं वर्ष संपता संपता तिची ड्युटी भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात लागली. तिथं एक मुलगी होती, स्टोव्ह भडकून भाजलेली. अश्विनीच्याच वयाची, नुकतं लग्न झालेली. नऊ दिवस अश्विनी तिच्या पट्ट्या बदलायला सिस्टरांच्या हाताखाली होती. पट्टी सुटताना ती मुलगी ओरडायची नाही, अश्विनीचा हात दाबून धरायची. दुसरी कोणी आली तर ‘अश्विनीताईला बोलवा’ म्हणायची. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

मी राउंडला आले तर अश्विनी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, ‘मॅडम, मला जरा बसायचंय.’

‘ऊठ. पलंग करायचाय, दुसरा पेशंट येऊन थांबलाय. अंगात युनिफॉर्म असताना रडायचं नाही.’

‘मग कवा रडायचं, मॅडम?’

ती उद्धटपणे बोलत नव्हती, खरंच विचारत होती. मी म्हणाले, ‘ते मला विचारू नकोस. मलाही अजून वेळ मिळालेला नाही.’ आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मलाही वाटलं, काय छान बोलले. अश्विनी उठली, तोंड धुतलं आणि पलंग असा केला की चादरीला एक सुरकुती नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांना सांगितलं, हिला म्हणतात नर्स.

त्याच सहामाहीत मी तिच्या वर्गाला मानसिक आरोग्य शिकवत होते. नैराश्याची लक्षणं फळ्यावर लिहून दिली होती. झोप उडते किंवा नको तेवढी येते. अन्नाची चव जाते. आवडत्या गोष्टीत मन लागत नाही. माणूस स्वतःला नालायक समजू लागतो. पाच गुणांचा प्रश्न, दरवर्षी ठरलेला. अश्विनीला पाचपैकी पाच पडले. ती जेवणाच्या ताटावरून अर्धी भाकरी ठेवून उठते हे मेसच्या मावशींनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, ‘पोरी हल्ली डाएट करतात हो.’

आता जे घडलं ते समजायला वॉर्डातली एक पद्धत सांगायला हवी. ऑपरेशन झालेल्या पेशंटला दुखणं कमी करायला एक इंजेक्शन देतात. त्याचं नाव लिहिणं बरं नव्हे. ते कुलपात असतं, कारण त्यानं दुखणंही जातं आणि गुंगीही येते. काचेच्या कुपीत जेवढं असतं तेवढं सगळं प्रत्येक पेशंटला लागत नाही. उरलेलं दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर टाकून द्यायचं आणि त्या दुसऱ्या माणसानं ‘माझ्यासमोर टाकलं’ म्हणून वहीत सही करायची, हा नियम. आमच्या वॉर्डात विद्यार्थिनी हजर असेल तर ही साक्षीची सही शिक्षिकेनं करायची असा शिरस्ता पडला होता.

म्हणजे मी. एका वेळी तीस पोरी तीन वॉर्डांत पसरलेल्या. कुणाचं थर्मामीटर फुटलंय, कुणी नातेवाइकाशी भांडतंय. मी प्रत्येक वेळी जाऊन बेसिनपाशी उभी राहणार कशी? मग वॉर्डातली सिस्टर सिरिंज विद्यार्थिनीच्या हातात देऊन ‘जा, टाकून ये’ म्हणायची आणि ड्युटी संपताना ती वही माझ्यापुढं यायची. मी उभ्या उभ्या खालपर्यंत सह्या ओढायची. अख्खा रकाना एका दमात. एकही थेंब टाकलेला मी बघितलेला नव्हता. सगळ्याच असं करत होत्या हे खरं आहे, पण सही माझी होती.

तिसऱ्या वर्षाच्या एका प्रॅक्टिकलला अश्विनीनं नेहमीप्रमाणं हात पुढं केला. टोचायची पाळी राजश्रीची होती. राजश्री कोल्हापूरचीच, आवाज असा की कॅन्टीनमधून बोलली तर लायब्ररीत ऐकू यावं. तिनं अश्विनीचा हात धरला आणि थांबली.

‘मॅडम, मी टोचायच्या आधीच हितं टोचलंय की.’

‘मागच्या प्रॅक्टिकलचं असेल.’

‘मागचं प्रॅक्टिकल होऊन पंधरा दिवस झालं, मॅडम. हे कालचं हाय.’

मला राग आला. मुलगी टोचायला घाबरते आणि निमित्त काढते, असंच मला वाटलं. म्हणाले, ‘तू डॉक्टर झालीस का? बाजूला हो.’ मी अश्विनीचा हात हातात घेतला, नेहमीसारखे डोळे मिटले, बोटानं शीर दाबून दाखवली. ‘ही बघ. इथं घाल.’ राजश्रीनं मुकाट्यानं सुई घातली. अश्विनी हात तसाच पुढं धरून उभी होती.

त्यानंतर महिनाभरातच, भर दुपारी, वॉर्डाच्या धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत ती चादरींच्या गठ्ठ्यावर पडलेली सापडली. हाक मारून उठेना. शेजारी सिरिंज. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते हे, ‘बाबांना सांगू नगासा.’ मला का कुणास ठाऊक, त्या पैलवानाची आठवण झाली. स्वतःचीच किळस आली.

चौथ्या दिवशी कमिटी बसली. प्राचार्या, मेट्रन बाई, एक डॉक्टर आणि मी. डॉक्टर म्हणाले, ‘ही पोर आजारी आहे. उपचार करू, सहा महिने घरी पाठवू, मग परत घेऊ.’ प्राचार्या म्हणाल्या, ‘आजारी आहे कबूल. पण औषध आलं कुठून ते आधी ठरू द्या. टाकून द्यायचं उरलेलं घेतलं असेल तर एक गोष्ट. कुलपातलं काढलं असेल तर ती चोरी. चोरी असेल तर मी तिला ठेवू शकत नाही.’

मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली.

‘या सगळ्या सह्या तुमच्याच ना? म्हणजे उरलेलं औषध दर वेळी तुमच्यासमोर टाकलं गेलं?’

मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. कधी माझ्या नावावर साधा मेमो नव्हता. अश्विनी समोर खुर्चीच्या टोकावर बसली होती, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून. मी वहीकडं बघितलं आणि म्हणाले, ‘हो. माझ्यासमोर.’

बस्स, एवढंच बोलले. पण माझ्या त्या ‘हो’ नंतर औषध यायला एकच जागा उरली, कुलूपबंद कपाट.

प्राचार्यांनी तिला विचारलं, ‘मग तू कपाटातनं घेतलंस?’

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, ‘व्हय मॅडम. कपाटातनं घेतलं.’

किल्ली कुठं मिळाली, कधी काढलं, हे कुणी नीट विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत उघड झालं असतं की ती खोटं बोलतेय. सगळ्यांनाच ते लवकर मिटवायचं होतं. डॉक्टर तेवढे उठताना म्हणाले, ‘मला हे पटलेलं नाही.’ त्यांची सही मात्र झाली.

तिचे वडील फौंड्रीतून तसेच आले, कपड्यांवर काळी माती. हॉस्टेलच्या पायरीवर ट्रंक ठेवली होती. माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. ‘मॅडम, पोरगी चोर न्हाय वो आमची. शेजारच्या झाडाचा पेरूसुद्धा न विचारता घेतला न्हाय तिनं.’

मी काय म्हणाले असेन? ‘तिची काळजी घ्या.’ इतकी वर्षं तिखट असलेली जीभ तेव्हा एवढंच बोलली. ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली आणि ती मागून चालत गेली. ती गेल्यावर मी त्या दिवसाच्या वहीत सही केली नाही, एवढाच काय तो माझा पराक्रम.

पुढं मी वॉर्डात दर वेळी बेसिनपाशी जाऊन उभी राहू लागले. पोरी म्हणायच्या, तांबडा आता संशयी झालाय. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ मिळालं. एका विद्यार्थिनीनं भाषणात सांगितलं की मॅडमनी आम्हाला डोळे मिटून शीर शोधायला शिकवलं. टाळ्या पडल्या. मी खाली बघून बसले होते, लोकांना वाटलं भरून आलंय.

गेल्या वर्षी मंडईत कुणीतरी मागून हाक मारली, अख्ख्या मंडईनं वळून बघितलं. राजश्री. आता एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, कडेवर मुलगी. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी न राहवून विचारलं, ‘अश्विनीचं काही कळतं का गं?’

‘कळतं की. मीच तिला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं नेलतो. दीड वर्ष औषध चाललं. आता बरी हाय. ते सुटलं सगळं. कबनूरला पॉवरलूमवर कामाला जाती.’ मग तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली. ‘मॅडम, एक बोलू? रागावलासा तरी चालंल. तिच्या घरात कपाटाला अजून कुलूप हाय.’

‘म्हणजे?’

‘तिच्या बाबांनी लावलंय. पोरगी चोरी करून आली म्हणून. तोंडानं कायबी बोलत न्हाईत. निस्तं कुलूप. किल्ली कमरंला. ती चोर न्हवती हे तिला ठावं हाय, मला ठावं हाय आणि तुमाला ठावं हाय. आमी दोघी सांगून कोण ऐकणार? सह्या तुमच्या हुत्या.’

मी आयुष्यात शेकडो पोरींना रडवलंय. त्या दिवशी मंडईत, कोथिंबिरीच्या गाड्यासमोर, मी रडले. राजश्रीनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. गाडेवाला म्हणाला, ‘मावशी, हे घ्या, पाणी प्या.’

घरी येऊन मी कॉलेजला पत्र लिहिलं. सह्या माझ्या होत्या, पण औषध टाकताना मी एकदाही बघितलं नव्हतं, कमिटीपुढं मी खोटं बोलले, त्या मुलीनं चोरी केली नव्हती. चार ओळींचं काम, पण लिहायला तीन दिवस लागले. कॉलेजकडून पत्र मिळाल्याची पोच आली. पुढं काही नाही. आताच्या प्राचार्यांना अश्विनी कोण हेही माहीत नसेल. मग त्या पत्राची प्रत पर्समध्ये घालून मी एका रविवारी एसटीनं तिच्या गावी गेले.

घर साधं, समोर शेड, म्हैस एकच राहिलेली. वडील आता फौंड्रीत जात नाहीत, त्यांना दम लागतो. त्यांनी मला ओळखलं. ‘या मॅडम, बसा,’ म्हणाले, पण आवाजात ओलावा नव्हता. अश्विनी आतून आली. अंग भरलंय, डोळे स्वच्छ आहेत. मला बघून जागीच थांबली. तिच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी पाण्याला हात लावला नाही. आधी बोलायचं होतं.

मी वर्गात तासतासभर बोललेली बाई. तिथं माझं सगळं बोलणं पाच मिनिटांत संपलं. सह्या कशा करायची, कमिटीत काय विचारलं, मी काय म्हणाले आणि तुमच्या पोरीनं माझं खोटं स्वतःवर कसं घेतलं. पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली नाही, घडी तशीच धरून बसले.

त्यांनी विचारलं, ‘मग तवाच का न्हाय बोलला, मॅडम?’

‘भ्यायले.’

‘कशाला?’

‘नोकरीला. नावाला.’

‘नावाला,’ ते म्हणाले. दोनदा म्हणाले. मग पोरीकडं वळले. ‘आणि तू गं? तू का व्हय म्हणालीस?’

अश्विनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ‘मी औषध घेतलं हुतंच की, बाबा. कुठनं घेतलं त्यानं माझ्यात काय फरक पडणार हुता, असं वाटलं तवा. तवा कशातच कायबी वाटत न्हवतं. आणि मॅडम एकट्याच हुत्या ज्या मला चांगलं म्हणायच्या. त्यांचं बी नाव जायला नको म्हटलं.’

म्हाताऱ्यानं कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटेना. आई पुढं झाली, तिनं सोडली. त्यांनी किल्ली पोरीपुढं धरली.

‘राहू दे बाबा,’ अश्विनी म्हणाली. ‘आता सवय झालीया.’

ती टोचून बोलत नव्हती. खरंच सवय झाली होती. ते ऐकून तो माणूस तोंड झाकून रडायला लागला आणि त्या घरात मला बसवेना.

अश्विनी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यात तिच्या कामाचं बोलली. मागावरून आलेलं कापड उजेडावर धरायचं आणि त्यात कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आहे, ते शोधायचं. ‘माझी नजर चांगली हाय म्हणत्यात तिथं,’ म्हणाली. मी म्हणाले, पुन्हा शिकायचं असेल तर मी कुठंही येऊन साक्ष देईन. ती म्हणाली, ‘बघू की, मॅडम.’ हो नाही आणि नाहीही नाही.

एसटी यायला वेळ होता. मला एक गोष्ट बोलून टाकायची होती. वाटलं, सगळं कबूल केलंय तर हेही करावं. म्हणाले, ‘तिसऱ्या वर्षी तू दर वेळी हात पुढं करायचीस तो तुझ्या खुणा आमच्या टोचण्यात लपाव्यात म्हणून, हे मला फार उशिरा कळलं गं. मी तुला शाबासकी देत होते.’

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं.

‘लपवायला न्हवं, मॅडम. लपवायचं असतं तर मागच्या बाकावर बसलो असतो की. बाही खाली केली की झालं. कोण बघतंय?’ तिनं डाव्या हातावरनं नकळत बोटं फिरवली. ‘तोंडानं सांगायचं धाडस न्हवतं. तुमी माझा हात हातात घेताय, इतक्या जवळनं. वाटायचं, आज तरी तुमाला दिसंल. आज विचारशीला. म्हणून दर वेळी हात द्यायचो.’

एसटी आली. मी चढले. खिडकीत बसले तेव्हा ती खाली उभी होती, हात हलवत होती.

त्या वर्षात तो हात किती वेळा माझ्या हातात होता ते मी आठवायचा प्रयत्न करते. दर वेळी वर्ग गोल करून उभा असायचा, बाही कोपरापर्यंत वर केलेली असायची, ट्यूबलाइट डोक्यावर. आणि मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत असायची, हे बघा असं, डोळे गच्च मिटून.